आडवं सूत

सुप्रभा पाच्छापुरे पहिल्यांदा आली ती कागद घेऊन.
माणसं किती, माग किती, मातृभाषा कोणती.
चौकोन एकच, तोही बोटभर.
वडगावच्या आमच्या गल्लीत मातृभाषा विचारली
की लोक आधी विचारणाऱ्याच्या चपलांकडे बघतात.
गंगव्वानं चहा दिला.
कागद कोरा गेला.

दुसऱ्यांदा आली ती पिशवीभर सूत घेऊन.
जांभळं मराठीला, मोरपंखी कन्नडला,
विटकरी मोमीन गल्लीच्या दख्खनीला.
भगवा का नाही, मारुती हलगेकरानं विचारलं.
लाल-पिवळा का नाही, नागप्पानं विचारलं.
ती म्हणाली, त्या रंगांना आधीच कामं आहेत.
आणि एक सूत बिनरंगी.
ते कशाला?
"उरलेल्याला."

बोललात की कांडीवर एक वेढा.
आठ दिवस. बस.

मग गल्ली स्वतःला ऐकायला लागली.
मला कळलं की मजुरी मी कन्नडात मोजतो,
ओंदु, एरडु, मूरु,
आणि कमी भरली की मराठीत येतो.
जैबुन्निसाची शेळी मराठी घरातून विकत घेतलेली,
अजून "हाड" म्हटल्याशिवाय हलत नाही.
तिचे सगळे जांभळे वेढे शेळीचे.
द्राक्षायणी पुण्याच्या जावेला फोनवर म्हणाली,
"मी उद्या येतो की गे,"
जाऊ हसली.
हसण्याला कुठलं सूत, असं विचारायला
ती रात्री नऊला सुप्रभाला फोन लावून बसली.

एक शब्द मात्र कुणाला सुटेना. "अय्यो."
कुणाचा हा?
मारुती आणि नागप्पा कट्ट्यावर तासभर भांडले,
दोन्ही भाषांत, मनसोक्त,
आणि वेढे घालायचे दोघंही विसरले.
तो तास कापडात नाही.

नवव्या दिवशी कांड्या गोळा झाल्या.
आम्हा यंत्रमागवाल्यांच्या बहुतेक बिनरंगी.
सुप्रभाचा चेहरा पडला,
म्हणाली, तुम्ही बोलतच नाही की काय?
तिला शेडमध्ये नेलं. बारा माग सुरू.
दोन बोटं वर, म्हणजे धागा तुटला.
अंगठा तोंडाशी, म्हणजे चहा.
मूठ छातीवर ठेवून वळवली
की मालक आलाय.
दहा तास आम्ही हातांनीच बोलतो,
ते कुठल्या चौकोनात लिहायचं,
हे पन्नास वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

गंगव्वाची कांडीही बिनरंगी होती.
ती माग चालवत नाही.
मुलगा हुबळीला गेल्यापासून माग विकलेला,
त्या जागी आता तांदळाचं पिंप.

कापड विणलं धोंडीराम अण्णांच्या हातमागावर,
शहरभरात असे आता हाताच्या बोटांवर राहिलेत.
ताणा काळा, एकच, सगळ्यांना.
आडवं सूत ज्याचं त्याचं.
धोटा डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे,
घर संपलं की काठाला गाठ, पुढचं घर.
बायका आपापली पट्टी शोधत होत्या,
बोटानं मोजत, हा मंगळवार,
हा लाइट गेली तो, हा भांडणाचा.
पोरं तर पट्टी वाचून चिडवत होती:
बुधवारी तुमच्या घरात कुणीच गप्प नव्हतं!

माझी पट्टी आणि गंगव्वाची, शेजारी शेजारी.
कापडात सारखीच दिसतात.
तीच पांढुरकी, तेवढीच रुंद.
एवढाच फरक की तिच्यात
मधोमध एक जांभळा धागा.
"ते काय?" मी विचारलं.
म्हणाली, "राँग नंबर.
कोणतरी ज्योतिबा पाहिजे होता त्याला.
नाही म्हटलं, इथं नाही राहत.
तरी त्यानं विचारलं,
बऱ्या आहात ना मावशी."

कापड आता सुप्रभाच्या कॉलेजात टांगलंय म्हणे.
खाली पाटी लावायची की नाही, यावर तिच्या सरांचा वाद चालू आहे.

काल पाळी संपवून येताना
कानात अजून माग खडखडत होते.
गंगव्वाच्या दाराशी थांबलो,
जरा मोठ्यानंच विचारलं, "नीर बंतेन, अव्वा?"
ती बाहेर आली.
पाणी आलं नव्हतं. परवा येणार होतं,
मग परवाचं, मग त्याच्या आधीच्या पाण्याचं,
मग मुलाचं, पिंपाचं, गुडघ्याचं,
मध्येच कन्नड सोडून मराठीत, परत कन्नडात.

घरी आल्यावर खिशात हात घातला,
तर मोरपंखी सुताचा एक तुकडा होता.
बोटाला गुंडाळला.
कापड तर विणून झालंय.